नर्सबाईंची पीएच्.डी.

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 चिटणीसबाई विषय विचारायला घरी आल्या, तेव्हा त्यांना वाटले की मी बाळंतिणीची काळजी किंवा मुलांचे लसीकरण असे काहीतरी सांगेन. जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षा ती काय असणार! मी म्हटले, "या खेपेला नर्सबाईंच्या पीएच्.डी.वर बोलते." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपल्या केळापूर तालुक्यात नर्सची पीएच्.डी. कोण करायला बसलंय?" त्यांचे हसणे मी मनावर घेतले नाही. प्रश्न मात्र घेतला.

त्याचे कारण असे. गेल्या वर्षी आपल्याच एका सभासद भगिनीची मुलगी चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पुरी करून घरी आली. गुण उत्तम. पेढे द्यायला आली आणि हळूच विचारू लागली, "मावशी, मला आता एकदम पीएच्.डी.ला अर्ज करता येईल का?" तिची आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आणखी किती शिकायचं? एवढं शिकून शेवटी नर्सच ना?"

मुलीचा प्रश्न नियमांचा आहे, आईचा प्रश्न मोलाचा आहे. आधी आईच्या प्रश्नाचे बघू. ते सुटल्याशिवाय मुलीचा अर्ज घराबाहेर पडत नाही.

"शेवटी नर्सच" हे वाक्य आजचे नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि पुढे मुलींना नर्सिंग शिकण्यासाठी ससून रुग्णालयात धाडायला सुरुवात केली, तेव्हा घरोघर हेच बोलले गेले. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, सोवळे-ओवळे सोडायचे, रात्रपाळी करायची, हे कुलीन बाईचे काम नव्हे, असे लोक म्हणत. त्या मुलींत विधवाही होत्या. ज्यांना घरात कोपरा मिळाला होता, त्यांना रमाबाईंनी दवाखान्यात जागा मिळवून दिली. आज आपल्यापैकी कोणाला नर्सची नोकरी कमीपणाची वाटत नाही. उलट स्थळ बघताना "मुलगी सरकारी नर्स आहे" हे आपण अभिमानाने सांगतो. म्हणजे नोकरीला मान मिळाला. विद्येला मात्र अजून मिळायचा आहे.

विद्येची ही वाटही एका दिवसात झालेली नाही. नर्सिंगची पदवी आपल्या देशात १९४६ साली आली. दिल्लीचे नर्सिंग महाविद्यालय आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, ही त्या पदवीची पहिली ठिकाणे. दिल्लीच्या महाविद्यालयाला पुढे राजकुमारी अमृत कौर यांचे नाव मिळाले. तिथेच १९५९ साली एम्.एस्सी. नर्सिंग सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ चे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात नर्सबाईंसाठी डॉक्टरेटची सोय १९२४ सालीच झाली होती. तेव्हा आपली मुलगी आज पीएच्.डी.चे नाव काढते, यात आगाऊपणा काही नाही.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. बी.एस्सी. नंतर एकदम पीएच्.डी.ला जाता येते का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच्.डी.चे नवे नियम काढले. चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी मिळवली असेल, तर पीएच्.डी.च्या प्रवेशाला पात्र, असे त्यांत आहे. एम्.ए., एम्.एस्सी. झालेल्यांना ५५ टक्के पुरतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल आणि अपंग यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्यामुळे हा नियम वाचून आपल्या मुलीला वाटले की दार उघडले.

पण भगिनींनो, पात्रता ठरवणे आयोगाचे आणि प्रवेश देणे विद्यापीठाचे. विद्यापीठ आपल्या विषयाला आणखी अट घालू शकते. नर्सिंगमध्ये आपल्याकडची विद्यापीठे पीएच्.डी.साठी सर्वसाधारणपणे एम्.एस्सी. नर्सिंगच मागतात. म्हणून मी त्या मुलीला सांगितले, "बाळ, नियमाच्या एका ओळीवर प्रवास आखू नकोस. ज्या विद्यापीठात जायचे, त्याचे त्या वर्षीचे माहितीपत्रक वाच." जवळची नावे सांगायची तर नाशिकचे महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ, मुंबईचे महिला विद्यापीठ, आणि आपल्याला सर्वांत जवळचे वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथील अभिमत विद्यापीठ. पांढरकवड्याहून सकाळच्या गाडीने निघालेली बाई विचारपूस करून संध्याकाळी घरी येऊ शकते.

म्हणजे इथली वाट अशी. बी.एस्सी. झाल्यावर एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवा. मग दोन वर्षांचे एम्.एस्सी.; त्याला साधारणतः बी.एस्सी.चे ५५ टक्के आणि हे एक वर्षाचे काम लागते. तिथे पाच शाखांतून एक निवडायची: वैद्यक व शस्त्रक्रिया, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, सामाजिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य. शाखा विचार करून घ्यावी, कारण पीएच्.डी. बहुधा तिच्यातच होते. त्यानंतर प्रवेशपरीक्षा. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधनाच्या पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. विद्यापीठ स्वतः परीक्षा घेते तेव्हा लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते. मुलाखतीत विचारतात, "तुम्ही काय शोधणार?" या एका प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे.

परदेशी वाट वेगळी. अमेरिकेतील काही विद्यापीठे बी.एस्सी. झालेल्या नर्सला सरळ डॉक्टरेटच्या वर्गात घेतात. एम्.एस्सी.चा अभ्यास त्यातच गुंफलेला असतो, आणि पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलीला चार-पाच वर्षे सहज लागतात. तिथे डॉक्टरेटही दोन तऱ्हेची आहे. एक पीएच्.डी., ती संशोधनाची. दुसरी डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, ती रुग्णसेवेची, तिला बी.एस्सी. नंतर किमान एक हजार तासांची प्रत्यक्ष रुग्णसेवा लागते. पीएच्.डी.च्या विद्यार्थिनीला शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल पुष्कळ ठिकाणी फी माफ होते आणि दरमहा काही रक्कम मिळते. दुसऱ्या पदवीचा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो. नावे सारखी ऐकू येतात, पण घरावर पडणारा बोजा सारखा नाही. कर्ज काढण्याआधी हा फरक बापाला समजावून सांगावा.

तिकडच्या अर्जाला लागते ते असे: गुणपत्रिकांची त्यांच्या पद्धतीने झालेली तपासणी, इंग्रजीची परीक्षा, पुष्कळ ठिकाणी तिथला नर्सचा परवाना, ओळखणाऱ्या शिक्षकांची दोन-तीन शिफारसपत्रे, आणि आपण काय शोधू इच्छितो ते सांगणारे एक निवेदन. पुढच्या ऑगस्टला जायचे तर अर्ज बहुधा आदल्या हिवाळ्यातच जातो. म्हणजे तयारीला वर्ष धरावे. आणि आपल्या विषयात काम करणारी प्राध्यापिका त्या विद्यापीठात आहे की नाही, हे आधी पाहून तिला पत्र लिहावे. मार्गदर्शक नसेल तर हुशार मुलीलाही तिथे जागा मिळत नाही.

आपल्याकडची एक अडचण सांगते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, नर्सिंगच्या नोंदणीवर दुसरे, लग्नानंतर पारपत्रावर तिसरे. कुठे बापाचे नाव मधे, कुठे नवऱ्याचे. एवढ्याशा गोष्टीने अर्ज महिनोन् महिने अडतो. मुलीच्या लग्नाच्या गडबडीत तिच्या कागदांची एक पिशवी निराळी ठेवा. दागिन्यांच्या डब्याइतकीच ती जपा.

आता त्या एका प्रश्नाकडे येते: "तुम्ही काय शोधणार?"

पुष्कळ मुली इथेच अडतात. "ग्रामीण महिलांचे आरोग्य" असे लिहून मोकळ्या होतात. हा काही प्रश्न नव्हे, ही पाटी झाली. प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर मोजता येते, जो ठरावीक लोकांना ठरावीक ठिकाणी विचारता येतो, आणि ज्याच्या उत्तराने कोणाचे तरी दुखणे कमी होते.

असे प्रश्न मुंबईच्या मुलीला पुस्तकात शोधावे लागतात. आपल्या मुलींच्या ते अंगणात पडले आहेत. २०१७ चा फवारणीचा हंगाम आपण विसरलेलो नाही. कपाशीवर औषध मारता मारता आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली आणि शेकडो जण दवाखान्यात पडले. फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे कोण धुते? घरची बाई. त्याला मळमळ होते, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधुक होते, हे पहिल्याने कोण पाहते? तीच. मग त्या बाईला ही लक्षणे विषबाधेची आहेत हे किती कळते, कळल्यावर ती किती वेळात दवाखान्यात पोचते, आणि आशाताईने हंगामाआधी दोनदा घरी जाऊन समजावले तर त्यात किती फरक पडतो? हा झाला पीएच्.डी.चा प्रश्न.

दुसरा घ्या. सिकलसेल आपल्या विदर्भात जुना आहे. सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि २०४७ ची मुदत ठेवली. तपासण्या होतात, कार्डे मिळतात. पण मध्यरात्री पोराचे हातपाय ठणकायला लागले की कोलाम पोडावरची आई काय करते? तिला कोणी तिच्या भाषेत समजावले आहे का? कोलामी किंवा गोंडी येणारी आपली एखादी मुलगी नर्स असेल, तर या प्रश्नावर तिचा जेवढा अधिकार आहे तेवढा दुसऱ्या कोणाचा असेल? परीक्षकांपुढे ही भाषा तिची उणीव नाही, तिची शिदोरी आहे.

गावच्या प्रश्नाला जग विचारत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्या शेजारीच आहे. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांना तपासले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाले, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. हे १९८९ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापून आले. त्यांच्याच संस्थेने पुढे गावच्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, आणि त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले; हे १९९९ साली त्याच पत्रात आले. पुढे देशभर आशाताई नव्या बाळाच्या घरी जाऊ लागल्या, त्याच्या मुळाशी हे काम आहे. तो अभ्यास डॉक्टरांचा होता हे खरे. पण बाळाला हातात घेणारी आणि वहीत नोंद करणारी बाई गावचीच होती.

आणि नोंद ही तर आमच्या धंद्याची जुनी विद्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा सर्वांना ठाऊक आहे, त्यांची वही कोणाला ठाऊक नाही. क्रिमियाच्या लढाईत शिपाई जखमांपेक्षा रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी आकडे मांडून सरकारला दाखवले. लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने सभासद करून घेतलेली पहिली स्त्री म्हणजे ही नर्सबाई.

आता घरातले बोलते, कारण मंडळ घराघरांतूनच बनले आहे. हिशेब करा. बारावीला अठरा वर्षे, बी.एस्सी.ला बावीस, एक वर्ष कामाचे, दोन एम्.एस्सी.ची, म्हणजे पंचवीस. पीएच्.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे. म्हणजे नेमक्या लग्नाच्या आणि लेकराच्या वयात ही पीएच्.डी. येते. याच ठिकाणी मुली गळतात. गुण कमी पडून गळणाऱ्या मी थोड्या पाहिल्या; वेळ न मिळून गळणाऱ्या पुष्कळ.

नियम करणाऱ्यांना हे कळले आहे. स्त्रियांना दोन वर्षे अधिक मिळतात. सगळ्या सवलती धरून दहा वर्षांपर्यंत मुदत जाऊ शकते. बाळंतपण आणि संगोपन यांसाठी सारी मिळून २४० दिवसांपर्यंत रजा आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच्.डी. करता येते, त्याला कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते. पैशांसाठीही सोयी आहेत. अनुसूचित जमातीच्या मुलींना केंद्राची शिष्यवृत्ती आहे. पुण्याची बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती या संस्थाही त्या त्या समाजाच्या पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यांना मदत देतात. जातपडताळणीचे आणि उत्पन्नाचे दाखले आधी काढून ठेवले म्हणजे शेवटच्या आठवड्यात तहसिलीच्या चकरा पडत नाहीत.

पण सरकारने दिलेले २४० दिवस घराने दिले नाहीत, तर ते कागदावरच राहतात. मुलगी पुस्तक उघडून बसली की "जरा चहा टाक" म्हणणारे आपणच असतो. सून आठवड्यातून दोन दिवस वर्ध्याला गेली की शेजारीण विचारते आणि सासूबाई संकोचतात. त्या संकोचाच्या जागी एकदा अभिमानाने सांगून पाहा, "शोधकामाला गेली आहे."

सावधगिरीचाही एक शब्द. घरबसल्या, झटपट पीएच्.डी. देतो अशा जाहिराती येतात. परदेशी संस्थेचे नाव पुढे करून चालणाऱ्या अशा ऑनलाइन पीएच्.डी.ला मान्यता नाही, असा इशारा अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्येच दिला आहे. कोणी सन्मानाची डॉक्टरेट पैसे घेऊन देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. खरी पीएच्.डी. बाहेरच्या किमान दोन परीक्षकांच्या नजरेखालून जाते.

खरे तेही सांगितले पाहिजे. पीएच्.डी. झाली म्हणून वॉर्डातल्या नर्सचा पगार आपोआप वाढत नाही. ती औषधे लिहून देणारी डॉक्टरही होत नाही. ती पदवी शिकवणाऱ्याच्या आणि शोधणाऱ्याच्या उपयोगाची. ज्या मुलीला प्रश्न छळत नाही, तिने हौसेने या वाटेला जाऊ नये. चांगली वॉर्ड सिस्टर होणे हेही मोठेच काम आहे. पण जिला प्रश्न पडतो, तिला "शेवटी नर्सच ना" म्हणून थांबवू नका.

त्या मुलीचे काय झाले, ते सांगून संपवते. ती लगेच अर्ज करायला निघाली नाही. एक वर्ष काम करायचे तिने ठरवले. मी तिला शंभर पानी वही दिली आणि म्हटले, "रोज पाळी संपली की एक प्रश्न लिही. पुस्तकातला नको, त्या दिवशी खाटेपाशी उभी असताना पडलेला." परवा ती वही घेऊन आली होती. अर्ध्याहून अधिक भरली आहे. पुष्कळ प्रश्न एकमेकांसारखे, पण एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत सात-आठ वेळा आला आहे: बाळंतीण घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिला कोण पाहते? मी म्हटले, "हा तुझा." तिची आई या वेळीही शेजारीच होती. वही हातात घेऊन बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "मला तर तिसऱ्या दिवशी कोणीच पाहिलं नव्हतं."

भगिनींनो, आईला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे मला वाटते. यंदा मंडळाने एवढे करावे: एम्.एस्सी. किंवा पीएच्.डी.ला अर्ज करणारी तालुक्यातील कोणतीही नर्स मुलगी असेल, तिचे कागद तपासायला, दाखल्यांसाठी तिच्यासोबत जायला आणि परीक्षेच्या दिवशी तिचे लेकरू सांभाळायला आपल्यापैकी दोघींनी नाव द्यावे. पहिले नाव मी माझे देते.